अक्का एकट्या घरी आणि खिडकीत जावई

आम्ही नवरा-बायकोने शनिवारी दुपारी सिनेमाला जायचं ठरवलं. एवढ्या साध्या गोष्टीपायी घरी आगीचा बंब येईल असं मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याचीही काहीतरी तजवीज करून ठेवली असती. तजवीज करणं हा माझा स्वभाव आहे. बायको त्यासाठी वेगळा शब्द वापरते, पण तो इथे नको.

आधी माझी नोकरी सांगतो, म्हणजे तुम्ही मला थोडं समजून घ्याल. मी विमा कंपनीत क्लेम विभागात बसतो. माणसं कशी घसरतात, भाजतात, कशात काय अडकून आडवी होतात, हे मी सकाळी दहापासून वाचत असतो. कपाटावरून स्वतःचीच ढाल डोक्यात पडलेला एक खेळाडू माझ्या टेबलावरून गेला आहे. साबणाच्या वडीवर पाय पडून एकाच आठवड्यात दोनदा त्याच पायाचं हाड मोडलेले एक प्राध्यापकही गेले आहेत. अशी माणसं दिवसभर पाहिल्यावर संध्याकाळी घरी आलेल्या मला घर दिसत नाही, फक्त कोपरे दिसतात.

अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. या नात्याला आपल्याकडे आकडसासू असा भारदस्त शब्द आहे आणि अक्का तो पुरेपूर निभावतात. त्या गतिमंद आहेत. नवीन गोष्ट शिकायला त्यांना पुष्कळ वेळ लागतो, घड्याळाच्या काट्यांशी त्यांचं कधी जमलं नाही, आणि समोरचा माणूस भरभर बोलायला लागला की त्या सरळ पाठ फिरवून उभ्या राहतात. (आमच्या साहेबांच्या बाबतीत मलाही असं करावंसं वाटतं, पण धीर होत नाही.) मात्र एकदा शिकलेली गोष्ट त्या सोडत नाहीत. सासूबाई गेल्या आणि अक्का आमच्याकडे राहायला आल्या. सासूबाई मला 'जावई' म्हणत, म्हणून अक्काही 'जावई'च म्हणतात. "जावई, दिवा," एवढं त्या म्हणाल्या की मी मुकाट्याने उठतो आणि बाथरूमचा दिवा बंद करून येतो.

तर अशा या अक्कांना मी तोंडाने 'तुम्ही' म्हणायचो आणि वागवायचो मात्र रांगत्या बाळासारखं. टेबलांच्या कोपऱ्यांना मी फोमच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. सुऱ्या माळ्यावर गेल्या होत्या. (त्यामुळे बायको भाजी चिरायला स्टुलावर चढायची आणि एकदा पडली. ती वेगळी गोष्ट.) बाथरूमची आतली कडी मी काढून टाकली होती आणि त्यापायी पाहुण्यांना आत गेल्यावर गाणं म्हणत बसावं लागे. अक्का हे सगळं सोसत होत्या. कधीतरी एखाद्या कोपऱ्याची पट्टी उपटून, तिचा गोळा करून माझ्या ताटाशेजारी ठेवायच्या. मी दुसरी चिकटवायचो.

अशात एका खोलीचा विषय निघाला. अक्का आठवड्यातून काही दिवस एका संस्थेत जातात. तिथे त्या पिशव्या शिवतात आणि इतरांनी शिवलेल्या पिशव्यांना नावं ठेवतात. त्या संस्थेने जवळच एक घर घेतलं आहे. चार बायका तिथे मिळून राहतात, त्यांचं त्या करतात, सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस डोकावून जाते. त्यातली एक खोली रिकामी झाली होती आणि अक्कांनी ती पाहिली होती. त्यानंतर त्या दुसरं काही बोलेनात. खोलीला खिडकी आहे. खिडकीतून रस्ता दिसतो. रस्त्यावर दुकान आहे. हे एवढं त्या जेवताना सांगायच्या, टीव्ही बघताना सांगायच्या आणि मी झोपायला निघालो की पुन्हा एकदा सांगायच्या.

मी साफ नाही म्हटलं. तशी संस्थेतल्या बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. बाई शांतपणे बोलणाऱ्या, आणि शांतपणे बोलणाऱ्या माणसांशी मला वाद घालता येत नाही. मी त्यांना गॅस सांगितला, जिना सांगितला, ओली फरशी सांगितली, तो प्राध्यापक सांगितला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की आजवर अक्का घरात एकट्या कधी राहिल्या आहेत का. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकदाही नाही. सासूबाईंच्या वेळीही नाही. अक्कांच्या केसांत पांढरे आले, तरी आयुष्यात एक दुपार अशी नव्हती की घरात दुसरं माणूस नाही.

मग बाईंनी अट घातली. एक दुपार अक्कांनी घरी एकटीने काढायची. घरचं कोणीही आसपास थांबायचं नाही, डोकावायचं नाही, मधेमधे फोन करायचा नाही. ती दुपार नीट पार पडली तर खोली अक्कांची. नाही पडली तर खोली थांबणार नव्हती, दुसरी एक मुलगी वाट बघत होती. बाई हे सांगताना माझ्याकडे बघत होत्या. अक्कासुद्धा माझ्याकडेच बघत होत्या.

आठवडाभर तयारी चालली. अडचण आली तर काय करायचं, हे बायकोने अक्कांकडून घोकून घेतलं. आधी बहिणीला फोन, ती उचलत नसेल तर बाईंना, आणि फारच झालं तर बंबवाल्यांना. फोनवर आधी आपण कोण ते सांगायचं, मग कुठून बोलतोय ते, मग काय झालंय ते. अक्का भिंतीसमोर उभ्या राहून हे म्हणत आणि भिंतीने मध्ये तोंड घातल्यासारखं त्यांना वाटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

दाराचं खातं माझ्याकडे होतं. आतून कडी लावायची आणि कोणालाही दार उघडायचं नाही, असं मी सांगितलं. अक्कांनी विचारलं, पोस्टमनला? नाही. शेजारच्या मास्तरांना? नाही. तुम्हाला? इथे मी थांबायला हवं होतं. पण शिकवण्याचा एक कैफ असतो. मी म्हटलं, मलासुद्धा नाही. बाहेरून कोणी 'मी जावई आहे' म्हणालं तरी नाही. आवाज हुबेहूब माझा असला तरी नाही, हल्ली लोक कोणाचाही आवाज काढतात. अक्कांनी मान हलवली आणि ते कायमचं आत ठेवून दिलं.

शनिवारी निघताना मी गॅसच्या शेगडीची बटणंच काढून खिशात घातली. अक्कांसाठी थर्मासमध्ये चहा भरून ठेवला. बायकोने हे सगळं पाहिलं, हात पुढे केला आणि माझा फोन काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. घराची किल्लीही तिथेच होती. अक्का दारात आल्या. त्यांनी नवा फ्रॉक घालावा तशी इस्त्रीची साडी नेसली होती. "जा आता," त्या म्हणाल्या आणि कडी लावली. ती नीट लागली की नाही हे मी दार ढकलून पाहिलं. आतून आवाज आला, "जा म्हटलं ना."

सिनेमा कशाबद्दल होता ते मला विचारू नका. मला एवढंच आठवतं की इंटरव्हलच्या थोडं आधी पडद्यावरच्या नायिकेने चहा टाकला आणि मी खुर्चीत ताठ झालो. किटली. विजेची किटली मी विसरलो होतो. ओट्यावर, प्लगशेजारी, उकळत्या पाण्याचं ते भांडं मी अक्कांसमोर तसंच उघड्यावर सोडून आलो होतो. (त्या क्षणी तो प्राध्यापक मला म्हणत होता, तरी मी सांगत होतो.) दिवे लागले. मी बायकोला म्हटलं, पॉपकॉर्न आणतो. ती म्हणाली, लवकर या. मी आलोच नाही.

थिएटर घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. निवड माझीच. मी ते अंतर पळत कापलं, पहिल्या मजल्यावर पोहोचलो आणि दाराला कान लावला. आत शांतता. शांततेचा मला फार वाईट अनुभव आहे, आमच्याकडचे निम्मे क्लेम शांततेनंतरच येतात. एवढ्यात आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला आणि धप्प झालं. माझं बोट बेलवर कधी गेलं ते मला कळलं नाही.

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"अक्का, मी जावई."

"जावई सिनेमाला गेलेत."

"हो, गेलो होतो. आता परत आलो."

आत जरा विचार झाला. "सिनेमा संपला?"

खोटं बोलावं असं मनात आलं, पण अक्कांशी खोटं बोललेलं मला आजवर पचलेलं नाही. "इंटरव्हल झालं," मी म्हटलं.

"मग जावई अजून तिकडेच आहेत."

मी म्हटलं, अक्का, माझा आवाज ओळखत नाही का? त्या म्हणाल्या की आवाज जावयांचाच आहे, पण आवाज त्यांचा असला तरी उघडायचं नाही असं जावयांनी सांगितलंय. आणि तुम्ही जर खरेच जावई असाल, तर तुम्हाला ते माहीत असायला हवं. मी फक्त एवढंच विचारलं की किटलीला हात नाही ना लावला. दारामागून आलं, "तुम्ही जा."

उत्तर टाळलं, याचा अर्थ मी लावला. कोणत्याही शहाण्या माणसाने या ठिकाणी परत जाऊन उरलेला सिनेमा पाहिला असता. मी शेजारच्या दाराची बेल वाजवली.

शेजारी एक निवृत्त ड्रिल मास्तर राहतात. त्यांची आणि आमची मागची गॅलरी चिकटून आहे, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. निवृत्त झाल्यापासून कोणाला उड्या मारायला लावायची संधी त्यांना मिळाली नव्हती, त्यामुळे माझी अडचण ऐकून त्यांचा चेहरा उजळला. उडी मारायची नाही, पाय टाकायचा, असं बजावून त्यांनी मला भिंतीवरून पलीकडे घातलं. बुटाची नाडी तेवढी कुंडीत अडकली. मग मला सोबत म्हणून तेही आले.

गॅलरीचं दार आतून बंद होतं. शेजारी स्वयंपाकघराची खिडकी, तिला लोखंडी गज. अक्का वाकून पडतील म्हणून गेल्याच महिन्यात मी ते गज दाट करून घेतले होते. वेल्डर म्हणाला होता, साहेब, आता यातून मांजरही जाणार नाही. मांजराचं मला माहीत नाही. मी हात आत घातला, बोटं दाराच्या कडीपासून वीतभर लांब राहिली. खांदा गेला तर कडी हाताला लागेल, आणि डोकं गेलं तर खांदा जाईल, असा हिशोब करून मी मान तिरकी केली आणि कोपऱ्यातल्या जरा रुंद फटीतून डोकं आत सारलं. ते सुळकन गेलं. खांदा गेला नाही.

आणि मग मला अक्का दिसल्या. स्वयंपाकघराच्या दारातून पुढची खोली दिसते. त्यांनी माझी आरामखुर्ची ओढत नेऊन खिडकीशी लावली होती, तोच तो धप्प आवाज. खुर्चीत त्या रेलून बसल्या होत्या, पाय स्टुलावर, हातात कप. कपातून वाफ येत होती आणि ओट्यावरच्या किटलीतूनही, म्हणजे थर्मासला त्यांनी हातही लावला नव्हता. त्या रस्त्याकडे बघत होत्या आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या. घोट घ्यायच्या, थांबायच्या, पुन्हा बघायच्या. बाकी काहीही करत नव्हत्या. इतकी वर्षं ओळखतो त्यांना, पण असा निवांत चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. आणि का पाहिला नव्हता तेही मला तिथे, गजांमध्ये, लख्ख कळलं. त्यांच्या समोर मी नव्हतो म्हणून.

मला खरंच भरून आलं. ठरवलं, आवाज न करता निघायचं, थिएटर गाठायचं, पॉपकॉर्न घ्यायचे आणि यातलं अवाक्षर कोणाला बोलायचं नाही. मी डोकं मागे घेतलं. ते कानांशी अडलं. उजवीकडे वळवून पाहिलं, डावीकडे वळवून पाहिलं. आत जाताना माझे कान कुठे होते कोण जाणे, बाहेर येताना मात्र दोन्ही हजर होते. तेवढ्यात मागून मास्तरांनी, अडकलात का, असं विचारत माझी कंबर धरली आणि मनातल्या मनात एक-दोन मोजून जोर केला. मी ओरडलो.

अक्का कप घेऊन स्वयंपाकघरात आल्या. खिडकीत, ओट्याच्या वर, जावयाचं डोकं पाहून त्या दचकल्या, कप हिंदकळला. मग त्यांनी कप ओट्यावर ठेवला, दिवा लावला आणि मला नीट पाहून घेतलं.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, फार नाही. पटकन गॅलरीच्या दाराची कडी काढा, मास्तर आत येऊन मला आतून ढकलतील, कोणाला काही कळायला नको. अक्कांनी मान हलवली, पण हो म्हणून नाही.

"आज माझी दुपार आहे," त्या म्हणाल्या. "मी बघते काय करायचं ते."

त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला लाल चट्टा होता. मी विचारलं, हे काय? वाफ लागली, त्या म्हणाल्या. मग? मग नळाखाली धरला. मग? मग चहा केला. याच्यात आणखी काय विचारणार, असा त्यांचा चेहरा झाला आणि त्या फोनकडे गेल्या. मी मागून विनवलं की फोन तेवढा नको. माझं डोकं त्यांच्या घरात होतं, पण त्या घरात त्याचं चालत नव्हतं.

बहिणीने फोन उचलला नाही. सिनेमात तिने तो गप्प करून ठेवला होता, नियमाप्रमाणे. मग अक्कांनी बाईंना लावला. मला फक्त एक बाजू ऐकू येत होती. मी अक्का बोलतेय. घरून बोलतेय. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक माणूस अडकलाय. जावई असावेत. नाही, मी बरी आहे. नाही, रक्त नाही, फक्त तोंड लाल झालंय. मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या, आणि शेवटी सावकाश म्हणाल्या, "आता मी बंबवाल्यांना बोलावणार." एकेक शब्द त्या पायरी उतरावी तसा जपून टाकत होत्या आणि एकही चुकत नव्हता. मला मान डोलवावीशी वाटली. (गज आडवा आला.)

पण घरच्यांनी डोकावायचं नाही, ही अट होती. मी तर डोकं आतच ठेवलं होतं. दुपार बिघडली होती आणि ती अक्कांनी बिघडवलेली नव्हती. ती खोली, ती खिडकी, तो रस्ता, ते दुकान, सगळं मी घालवून बसलो होतो, आणि अक्का इकडे टेबलाच्या कोपऱ्याची फोमची पट्टी उपटून आणत होत्या. त्यांनी ती माझ्या मानेखालच्या गजाला गुंडाळली. मग विचारलं, "नाक पुसू का?" मी हो म्हटलं. त्यांनी मी हो म्हणेपर्यंत वाट पाहिली, मग पुसलं. मी कधी कोणाला असं विचारलेलं मला आठवेना.

बंब आला तो भोंगा वाजवत. खाली माणसं गोळा झाल्याचं मला आवाजावरून कळत होतं आणि मास्तर गॅलरीतून त्यांना मी कसा आत गेलो ते हातवारे करून समजावत होते. दोघे बंबवाले मास्तरांच्या घरातून गॅलरीत आले, माझ्या पाठीकडे बघून गेले आणि म्हणाले की इथे जागा नाही, गज आतूनच फाकवायला लागतील. थोड्या वेळाने पुढच्या दाराची बेल वाजली.

अक्का दाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या. बंबवाल्यांचा मुख्य बाहेरून सांगत होता, बाई, दार उघडा. अक्का हलल्या नाहीत. मी इथून ओरडलो, अक्का, उघडा, मी सांगतोय. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"तुमचंच ऐकून बंद ठेवलंय," त्या म्हणाल्या.

मग त्या कपाळावर आठ्या घालून उभ्या राहिल्या. त्या गप्प उभ्या राहिल्या की आम्ही घरचे लगेच काहीतरी सुचवतो, आणि आताही माझ्या तोंडाशी तीन सूचना आल्या होत्या. पण लोखंडाने मान आवळलेली असली की माणूस थोडा कमी बोलतो. बाहेरच्या माणसानेही, नशीब, घाई केली नाही. अखेर अक्का दाराला तोंड लावून म्हणाल्या, "तुम्हाला कोणी बोलावलं?"

"अक्का म्हणून एक बाई आहेत, त्यांनी फोन केला," बाहेरून उत्तर आलं.

"त्या मी," अक्का म्हणाल्या आणि कडी काढली. बंबवाले आत येत असताना त्यांनी माझ्याकडे बघून समजावून सांगितलं, "मी बोलावलं, त्याला उघडायचं. न बोलावता आला, त्याला नाही." हा नियम त्यांना कोणी शिकवला नव्हता. त्यांनी तो दारापाशी उभं राहून स्वतः केला होता, आणि माझ्या नियमापेक्षा तो शंभर पटीने बरा होता.

पुढचं लवकर उरकलं. गज फाकले, कान सुटले, मी मागच्या मागे मास्तरांच्या अंगावर बसलो. पुढच्या दाराने मला घरात आणलं तोवर बाई येऊन पोहोचल्या होत्या. त्यांच्या मागोमाग बायको आली. तिच्या हातात पॉपकॉर्नचा डबा होता. तिने बंब पाहिला, फाकलेले गज पाहिले, माझे कान पाहिले आणि काही न विचारता पॉपकॉर्नचा डबा माझ्यापुढे धरला. इतक्या वर्षांच्या संसारात ती मला एवढं सविस्तर कधी बोलली नव्हती.

बाईंनी अक्कांना विचारलं, दुपार कशी गेली?

"चांगली गेली," अक्का म्हणाल्या. "नंतर गर्दी झाली."

मला राहवेना. मी बाईंसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "बाई, जे काही झालं ते मी केलं. हवं तर मला पुन्हा तुमच्या दारात पाय ठेवू देऊ नका, पण यापायी यांची खोली घालवू नका."

अक्का साडीचा पदर बोटाला गुंडाळत होत्या, भाजलेल्या बोटाला.

"धोका असणारच होता," बाई म्हणाल्या. "किटलीचा होता. यांनी चटका खाल्ला आणि निभावला, उद्या किटली जरा लांबून धरतील. धोकाच नसलेली दुपार हवी असती तर यांना आयुष्यभर कोणीतरी बघत बसलं असतं. फक्त जावयांचा धोका आम्ही धरला नव्हता. एवढी अवघड परीक्षा आम्ही कोणाची घेत नाही." मग त्या अक्कांकडे वळल्या आणि विचारलं की सामान कधी आणायचं.

अक्कांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो. मग त्या रडल्या, बायको रडली, मास्तरांनी छाती फुगवून श्वास आत घेतला आणि बंबवाल्यांच्या मुख्याने चहा मिळेल का असं विचारलं. अक्कांनी सगळ्यांसाठी किटली लावली. मी नुसता बघत राहिलो आणि त्यात माझी सगळी ताकद खर्च झाली.

आता अक्का त्या घरात राहतात. मधे एकदा त्या दुकानातून येताना चुकीच्या गल्लीत शिरल्या, बऱ्याच भटकल्या आणि विचारत विचारत घरी आल्या. हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं, आणि तेही त्या गल्लीत एक छान बाग आहे हे सांगायचं होतं म्हणून. मी ऐकून घेतलं. रात्री जरा उशिरा झोप लागली, पण ऐकून घेतलं.

परवा मी त्यांना भेटायला गेलो. आधी विचारून गेलो. अक्कांनी मला पुढच्या खोलीत बसवलं, दूध संपलंय म्हणाल्या, दुकानातून घेऊन येते. मी सोबत येतो म्हणून उठू लागलो, तर हाताने खाली बसवलं. मग पिशवी घेऊन त्या दारात थबकल्या. त्यांच्यासोबत राहणारी एक बाई तिथे कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला अक्कांनी हळू आवाजात विचारलं (तो मला स्वच्छ ऐकू येत होता), की जावई इथे एकटे बसले तर चालेल का.

ती बाई घडी तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "गॅसजवळ जातात का?" तिने विचारलं.

"नाही. खिडकीजवळ जातात."

"मग आज मी थांबते," ती म्हणाली. "सवय झाली की सोडू एकटं."

अक्कांना ते पटलं. त्या दूध आणायला गेल्या. त्या बाईने माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि मला वाईट वाटू नये म्हणून दुसरीकडे बघत बसली.